श्वास परत आणणारे औषध

अफू, मॉर्फीन, हेरॉइन ही एकाच कुळातील द्रव्ये. त्यांचे रेणू मेंदूतील विशिष्ट ग्राहकांवर बसतात आणि वेदना शमते. मात्रा फार झाली, की श्वसनही मंदावते. अतिमात्रेने माणूस दगावतो, तो बहुधा श्वास थांबल्यामुळे.

१९६१ साली जॅक फिशमन आणि मोझेस लेवेनस्टाइन यांनी नॅलोक्सोनच्या पेटंटसाठी अर्ज केला. याची रचना मॉर्फीनसारखीच. म्हणून ते त्याच ग्राहकांवर बसते, आधीच्या रेणूंना हुसकावते, मात्र स्वतः परिणाम करत नाही. कुलपात शिरणारी, पण न फिरणारी किल्लीच म्हणा ना!

१९७१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पण ते राहिले मुख्यतः रुग्णालये आणि रुग्णवाहिकांत. अतिमात्रा घडते घरात, मित्रांसमोर. आणि प्राणवायूविना मेंदू काही मिनिटेच तग धरतो.

१९९६ पासून डॅन बिग यांच्या ‘शिकागो रिकव्हरी अलायन्स’ने हे औषध थेट व्यसनग्रस्तांच्या हाती दिले आणि वापरायलाही शिकवले. यामुळे व्यसन बोकाळेल, असा आक्षेप घेतला गेला. परंतु जून २०१० पर्यंत अमेरिकेतील अशा उपक्रमांतून ५३,०३२ जणांना प्रशिक्षण व औषध मिळाले, आणि १०,१७१ वेळा अतिमात्रा उलटवल्याची नोंद झाली. २०२३ मध्ये त्याचा नाकात मारायचा फवारा तेथे चिठ्ठीविना विकण्यास परवानगी मिळाली.

मग प्रशिक्षण कशाला? नॅलोक्सोनचा प्रभाव साधारण ३० ते ९० मिनिटांत ओसरतो. मादक द्रव्य त्यानंतरही शरीरात उरलेले असू शकते. म्हणून कृत्रिम श्वास देणे, डॉक्टरी मदत बोलावणे आणि रुग्णाला एकटे न सोडणे, हेही औषधाइतकेच आवश्यक!