घड्याळ आणि पावती

२०२५ च्या दिवाळीपूर्वी आमच्या मुलाने मुंबईत एक स्विस मनगटी घड्याळ विकत घेतले. किंमत चार लाखांच्या घरात. आम्ही १९८३ साली मध्यप्रदेश शासनाच्या सेवेत रुजू झालो, तेव्हा आमचा पहिल्या वर्षाचा सारा पगार एकत्र केला असता तरी या रकमेचा विसावा हिस्साही भरला नसता. मुलाने पेटी उघडून आमच्या पुढ्यात ठेवली, आणि आमच्या तोंडून कौतुकाच्या शब्दाआधी एक प्रश्न निघून गेला, "पावती घेतलीस ना?" तो हसला. त्याला ती नुसती म्हाताऱ्या माणसाची सवय वाटली असावी. त्या प्रश्नामागे आमच्या घराचा आणि या देशाचाही काही इतिहास आहे. तो इथे मांडण्याचा विचार आहे.

इंदूरसारख्या संस्थानी शहरात वेळ ही पूर्वी कोणाच्या मालकीची वस्तू नव्हती. ती चौघडा वाजवून सांगितली जाई आणि लग्नघरी घटिकापात्रात पाण्याबरोबर भरत जाई. १९०४ साली येथे किंग एडवर्ड हॉल उभा राहिला. त्यालाच आज आपण गांधी हॉल म्हणतो, आणि त्याच्या मनोऱ्यावरील घड्याळामुळे जुनी मंडळी त्याला घंटाघरच म्हणत. त्या घड्याळाकडे बघून कचेरीचा कारकून पाऊल उचलत असे आणि शाळेचा विद्यार्थीही. वेळ गावकीची होती. ती खिशात आणि पुढे मनगटावर आली, तेव्हा ती खाजगी झाली, आणि खाजगी झाली म्हणूनच तिला किंमत चिकटली.

मनगटावर घड्याळ बांधणे हा मुळात युरोपातील स्त्रियांचा अलंकार होता. पुरुष साखळीचे घड्याळ खिशात बाळगत आणि मनगटी घड्याळाला बायकी समजत. ही समजूत मोडली ती रणांगणावर. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात खंदकातील सैनिकाला एका हातात शस्त्र असताना खिसा चाचपणे परवडणारे नव्हते. ठरल्या क्षणी तोफा थांबणार आणि ठरल्या क्षणी पलटण पुढे सरकणार, अशा लढाईत घड्याळ मनगटावरच हवे. युद्ध संपवून परतलेल्या पुरुषांच्या हातावर ते कायमचे राहिले.

पुढचा प्रश्न टिकाऊपणाचा होता. धूळ, घाम आणि पाणी हे घड्याळाचे तीन शत्रू. १९०५ साली लंडनमध्ये धंदा सुरू करणाऱ्या हान्स विल्सडॉर्फ यांच्या रोलेक्स कंपनीने १९२६ मध्ये 'ऑयस्टर' नावाचे पाणी न शिरणारे घड्याळ काढले. १९२७ मध्ये मर्सिडीज ग्लाइट्झ ही इंग्लंडची जलतरणपटू ते घेऊन इंग्लिश खाडीच्या थंड पाण्यात उतरली. तिला ती दुसरी फेरी पूर्ण करता आली नाही, पण घड्याळ चालत राहिले, आणि कंपनीने वर्तमानपत्रात त्याची मोठी जाहिरात केली. महागडे घड्याळ विकताना यंत्राबरोबर एक कथाही विकायची, ही रीत तेव्हापासून दृढ झाली.

अशीच एक कथा आपल्या भूमीशी जोडलेली आहे. हिंदुस्थानातील इंग्रज अधिकारी पोलो खेळत, आणि खेळात घड्याळांच्या काचा फुटत. त्यांच्या तक्रारीवरून, तबकडी आतल्या बाजूस फिरवून पोलादी पाठ वर आणता येईल असे घड्याळ तयार झाले, असे सांगितले जाते. त्याचे एकस्व ४ मार्च १९३१ रोजी पॅरिसमध्ये नोंदले गेले आणि 'रेव्हर्सो' या नावाने ते प्रसिद्धीस आले. पोलोची मैदाने राखून असणाऱ्या आपल्या संस्थानांतील वाचकांना ही हकीकत परकी वाटू नये.

परंतु हिंदुस्थानात स्विस घड्याळ केवळ राजेरजवाड्यांसाठी येत होते असे मात्र नव्हे. १७३७ पर्यंत आपला वंश मागे नेणारी फाव्र-ल्युबा ही पेढी १८६५ पासून मुंबईत पाय रोवून होती. १८८६ साली सुरू झालेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीचे 'सोवार' हे घड्याळ, म्हणजे आपला स्वार, फौजेत आणि नोकरदार वर्गात घरोघरी ठाऊक होते. पेन्शनीत निघालेला सुभेदार किंवा स्टेशनमास्तर आयुष्यात एकदा ते घेई, आणि त्याच्यामागे ते थोरल्या मुलाकडे जाई.

आमच्या शहरात चैनीचे शिखर म्हणजे माणिकबाग. १९२६ साली गादीवर आलेल्या यशवंतराव होळकर दुसरे यांनी एकार्ट मुथेसियुस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून १९३० नंतरच्या वर्षांत तो राजवाडा बांधवून घेतला. त्यातील खुर्ची, दिवा, गालिचा, सारे युरोपातील अव्वल कारागिरांचे. १९८० मध्ये त्या सामानाचा मोनाकोत लिलाव झाला. वास्तू मात्र राहिली, आणि तिच्यात थाटले गेले केंद्रीय उत्पादन शुल्क व सीमाशुल्क खात्याचे कार्यालय. ज्या वास्तूत परदेशी चैनीच्या वस्तू सर्वांत मोकळेपणाने आल्या, तीच वास्तू अशा वस्तूंवर कर वसूल करणाऱ्या खात्याच्या हाती गेली. स्वतंत्र भारतातील महागड्या घड्याळाचा इतिहास सांगायचा तर याहून बोलके चित्र आम्हांस दुसरे सुचत नाही.

कारण स्वातंत्र्यानंतर घड्याळ हा परकीय चलनाचा प्रश्न झाला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आरंभी, १९५६-५७ च्या सुमारास, देशाची परकीय गंगाजळी वेगाने आटली. पोलाद आणि यंत्रे आणायची की मनगटावरचे भूषण, या प्रश्नाचे सरकारी उत्तर उघड होते, आणि आमच्या मते ते रास्तही होते. चैनीच्या वस्तूंची आयात आवळली गेली. १९५३ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्सने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. एचएमटीच्या 'जनता', 'पायलट', 'कांचन' या घड्याळांनी एका पिढीला वेळ पाळायला शिकवले. तीही सहज मिळत नसत. नंबर लावावा लागे, आणि लग्नसराईत जावयासाठी घड्याळ मिळवणे हे वधूपित्याच्या चिंतांपैकी एक असे.

मागणी होती आणि वाट बंद होती, तिथे चोरवाट निघणारच. दुबईकडून येणारी गलबते पश्चिम किनाऱ्यावर सोन्याबरोबर स्विस घड्याळेही उतरवीत. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यातील १२३ वे कलम या संदर्भात वाचण्याजोगे आहे. एरवी गुन्हा सिद्ध करणे हे सरकारचे काम. परंतु या कलमाने काही वस्तूंपुरता तो भार उलटा केला. माल तस्करीचा असल्याच्या वाजवी समजुतीने जप्त झाला, तर तो तसा नाही हे दाखवण्याची जबाबदारी ज्याच्याकडे तो सापडला त्याची. त्या वस्तूंमध्ये सोने होते, आणि सोन्याच्या बरोबरीने घड्याळे होती. म्हणजे हातावर परदेशी घड्याळ असलेल्या माणसाची अब्रू एका कागदावर उभी होती. तो कागद म्हणजे पावती.

आमच्या वडिलांना, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, हे कलम पाठ असण्याचे कारण नव्हते. ते होळकर संस्थानच्या चाकरीत लागले, १९४८ मध्ये मध्यभारताचे झाले आणि १९५६ मध्ये मध्यप्रदेशाचे. टेबल तेच, खुर्ची तीच, वर सरकार तेवढे बदलत गेले. आमच्या जन्माच्या सुमारास त्यांनी मुंबईस जाऊन फाव्र-ल्युबाचे 'सी किंग' घेतले. दोन महिन्यांच्या पगाराहून अधिक पैसे मोजले होते, आणि आईने वर्षभर त्याची आठवण करून दिली होती. त्या घड्याळाची पावती नानांनी घरच्या पोथ्यांच्या रुमालात, गुरुचरित्राच्या खाली ठेवली. रोज सकाळी पूजा आटोपली की ते घड्याळाला किल्ली देत, मोजून पंचवीस वेळा. लहानपणी आम्हांस तोही पूजेचाच भाग वाटे.

आता जे सांगावयाचे ते आम्ही आजवर लिहिले नव्हते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका व्यापाऱ्याचे एक प्रकरण आमच्या टेबलावरून गेले. निर्णय त्याच्या बाजूने झाला, आणि तो नियमानुसारच झाला होता, एवढे आजही छातीवर हात ठेवून सांगू शकतो. दिवाळीत त्याचा माणूस मिठाईचा पुडा घरी ठेवून गेला. मिठाईखाली सोनेरी स्विस घड्याळ होते. ते परत करावयास हवे हे त्याच क्षणी कळले होते. १९६५ चे आचरण नियम आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. तरी आम्ही ते हातावर बांधले आणि तीन दिवस कचेरीत गेलो. पहिल्या दिवशी संकोच वाटला. तिसऱ्या दिवशी वाटला नाही. अधःपात म्हणतात तो एवढाच असतो आणि इतक्या लवकर होतो.

तिसऱ्या संध्याकाळी नाना ओसरीवर बसले होते. त्यांनी आमच्या मनगटाकडे पाहिले आणि विचारले, "छान आहे. पावती कुठे ठेवलीस?"

याहून एक शब्द ते अधिक बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत जाण्याआधी आम्ही ते घड्याळ व्यापाऱ्याच्या दुकानी परत केले. त्याला आश्चर्य वाटले, थोडा रागही आला. आम्ही पुढे पस्तीस वर्षे एचएमटीच वापरले. त्यात अभिमानाचा भाग कमी आणि धास्तीचा अधिक होता, हे कबूल केले पाहिजे.

दरम्यान जग बदलत होते. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सायकोने 'अ‍ॅस्ट्रॉन' हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने स्फटिक ठराविक गतीने कंप पावतो, त्या कंपनांवर काटे चालतात. किल्ली देऊन ताणण्याच्या चापाची गरज उरली नाही. १९७० च्या सुमारास स्विस घड्याळ धंद्यात सुमारे ९०,००० माणसे होती, ती पंधरा वर्षांत साधारण एक तृतीयांश राहिली. आपल्याकडे १९८४ मध्ये टायटन कंपनी स्थापन झाली, १९८७ पासून तिची क्वार्ट्झ घड्याळे दुकानांत आली, आणि एचएमटीचा उतार सुरू झाला.

येथे एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. आज काहीशे रुपयांचे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंद चुकते. लाखो रुपयांच्या यांत्रिक घड्याळाला स्विस प्रमाणपत्र हवे असेल, तर दिवसाकाठी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी सूट असते. म्हणजे जितके महाग, तितके कमी अचूक! मग माणूस विकत काय घेतो? स्विस कारखानदारांनी या प्रश्नाचे उत्तर शोधले म्हणूनच ते वाचले. त्यांनी वेळ विकणे थांबवले, आणि हातांचे श्रम, परंपरा, वारसा या गोष्टी विकावयास घेतल्या. बापाने मुलासाठी जपून ठेवण्याची वस्तू असे त्यांनी घड्याळाचे नवे वर्णन केले. आमच्या स्टेशनमास्तरांना आणि सुभेदारांना ही कल्पना कोणी जाहिरातीतून शिकवली नव्हती, एवढेच नमूद करतो.

आयातीची बंधने १९९१ नंतर सैलावत गेली, आणि १ एप्रिल २००१ रोजी उपभोग्य वस्तूंवरील अखेरची संख्यात्मक बंधनेही उठली. २०११ मध्ये टायटनने फाव्र-ल्युबा हे नावच विकत घेतले. नानांनी हे ऐकले असते तर त्यांचा विश्वास बसला नसता. २०१६ मध्ये एचएमटीचा घड्याळ उद्योग बंद करण्याचा निर्णय झाला. स्वित्झर्लंडचा समावेश असलेल्या चार देशांच्या गटाशी भारताने १० मार्च २०२४ रोजी करार केला, तो १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला, आणि स्विस घड्याळांवरील सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने उतरवण्याचे त्यात ठरले. दुसरीकडे २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरील घड्याळाच्या विक्रीवर विक्रेत्याने एक टक्का कर गोळा करून सरकारात भरावा, असा नियम झाला. दार उघडले, पण वहीत नाव लिहूनच आत जायचे. पावतीचे महत्त्व संपलेले नाही.

असो. मुलाने विचारले, "बाबा, एवढे पैसे घातले ते तुम्हांला पटले नाही ना?" आम्ही खरे तेच सांगितले. नानांनी दोन महिन्यांचा पगार घातला तेव्हा आईलाही पटले नव्हते. किंमत किती हा ज्याच्या-त्याच्या ऐपतीचा प्रश्न, आणि त्याची कमाई चोख आहे हे आम्ही जाणतो. मग नानांचे 'सी किंग' बाहेर काढले. दिवसाला ते दहा मिनिटे मागे पडते. जेल रोडवर एक वृद्ध घड्याळजी ते उघडून साफ करीत. त्यांनी दुकान आवरले, आणि त्यांचा मुलगा आता मोबाइल दुरुस्त करतो. मुलाने आजोबांच्या घड्याळाला किल्ली दिली, कानाशी धरले आणि किती वेळा फिरवायची ते विचारले. पंचवीस, आम्ही म्हणालो.

त्या रात्री त्याने आपली पावती आमच्याकडे दिली. ती आम्ही पोथ्यांच्या रुमालात, नानांच्या पावतीवर ठेवली आहे. जुन्या कागदाची शाई फिकी झाली आहे, तरी रक्कम अजून वाचता येते. त्या दोन कागदांच्या मध्ये आमच्या नावाची एकही पावती नाही. तीन दिवसांचा हिशेब तेवढा आहे, तो येथे मांडला.