पुष्याचा फिकट तारा

गुरुपुष्यामृत आले की फणसवाडीत सोनेखरेदीचे बेत होतात. पुष्याचा योगतारा मात्र शहराच्या उजेडात हरवलेला असतो. कर्क राशीतील हा नारिंगी तारा जेमतेम चौथ्या प्रतीचा. त्याचा रंग दुर्बिणीतूनच नीट उमगतो. तरीही वेदकाळाच्या वादात त्याला साक्षीला उभे केले गेले. बृहस्पती प्रथम ‘जन्मला’ तो तिष्यापाशी, म्हणजे पुष्यापाशी, असे तैत्तिरीय ब्राह्मण सांगते. गुरूने हा तारा झाकला, असा अर्थ घेऊन व्यंकटेश बापूजी केतकरांनी तो काळ इ. स. पू. 4650च्या सुमाराचा ठरवला. लोकमान्य टिळकांनी 1903च्या ‘आर्क्टिक होम’ ग्रंथात त्याचा आधार घेतला. पण गुरू दर बारा वर्षांनी पुष्यातून जातोच. म्हणजे या कालनिर्णयाचा सारा भार ताऱ्यावर नसून एका क्रियापदाच्या अर्थावर आहे. आणि तो तपासणे साहित्याच्या अभ्यासकाचेच काम आहे.