चूल आणि टेबल यांमधली भिंत

घराची डागडुजी निघाली की आजकाल आपल्या कुटुंबांत एक प्रश्न हमखास उभा राहतो. स्वयंपाकघर आणि जेवणघर यांमधली भिंत ठेवावी की पाडावी? आमच्या घरी त्यावर दोन आठवडे खल चालला. तरुणांना मोकळे घर हवे होते. वडीलधाऱ्यांना तळलेल्या बोंबलांचा वास पडद्यांत नको होता. हा वाद आपल्याला नवा वाटतो; परंतु जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहरात शंभर वर्षांपूर्वी हजारो घरांसाठी त्याचा एकदम निकाल लावावा लागला होता.

पहिल्या महायुद्धानंतर त्या शहरात घरांची भीषण टंचाई होती. नगररचनेचे प्रमुख एर्न्स्ट माय यांनी नव्या वसाहती उभारण्यास घेतल्या आणि १९२६ साली व्हिएन्नाच्या मार्गारेटे लिहोट्स्की या तरुण वास्तुविशारद बाईंना आपल्या हाताखाली बोलावले. व्हिएन्नात त्यांनी गरीब कुटुंबांसाठी घरे आखली होती. तेथे स्वयंपाक, जेवण आणि वावर एकाच खोलीत असे. कारण जळण महाग, आणि ज्या चुलीवर अन्न शिजे तिच्याच उबेवर सारे कुटुंब हिवाळा काढी. फ्रांकफुर्टच्या नव्या घरांत गॅस किंवा वीज आली. ऊब आणि अन्न यांसाठी एकच विस्तव लागेनासा झाला, तेव्हा एका खोलीचे सर्वांत बळकट कारणच संपले. उरला धूर, वाफ आणि वास. बरे, स्वयंपाकघरातच टेबल मांडावे, तर खोली वाढे, खर्च वाढे आणि भाडेही वाढे.

म्हणून केवळ कामापुरते स्वयंपाकघर ठरले. रुंदी सुमारे १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. रेल्वेच्या भोजनयानातील चिंचोळी पाकशाळा बाईंच्या डोळ्यांसमोर होती. अमेरिकेच्या क्रिस्टीन फ्रेडरिक यांचे लेखनही त्यांनी वाचले होते; घरकामातील पावले मोजण्याची दृष्टी तिथून आली. खिडकीपाशी चिरण्याकापण्याची फळी, तिला लागूनच टरफलांसाठी खण, बसायला फिरते स्टूल, तांदूळ वगैरे ओतून घेता यावेत असे ॲल्युमिनियमचे खण. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बसवली गेली.

एक गोष्ट मात्र हा इतिहास सांगताना पुष्कळदा निसटते. ही भिंत बंदिस्त नव्हती. तिच्यात सरकते दार होते आणि पलीकडे कुटुंबाची बसण्या-जेवण्याची खोली. चुलीपासून टेबलापर्यंतचे अंतर तीन मीटरांपलीकडे जाऊ नये, आणि काम करता करता आईची नजर मुलांवर राहावी, असा त्यामागचा हिशेब होता.

पुढे १९७० नंतर स्त्रीवादी अभ्यासकांनी ठपका ठेवला, की या स्वयंपाकघराने स्त्रीला एकटे पाडले. आम्हांला तो अर्धाच पटतो. बाईंना स्त्रीचे कष्ट कमी करून तिला स्वतःचा वेळ मिळवून द्यायचा होता. हिटलरशाहीविरुद्धच्या कार्यासाठी १९४१ पासून चार वर्षे तुरुंग सोसलेल्या या बाईंच्या हेतूविषयी शंका घ्यावी असे आम्हांला वाटत नाही. पण दोघींना एकत्र काम करता येईल एवढी जागा तेथे नव्हती, हेही खरे. ते आखण्यापूर्वी आपण कधीच स्वयंपाक केला नव्हता, अशी कबुली त्यांनीच पुढे दिली. आमच्या मातोश्रींना हे वाचून दाखवले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “तरीच!”

मग आम्ही टेप काढली. आमच्या घरी शेगडीपासून टेबलापर्यंत साडेसहा मीटर भरले, वाटेत दोन वळणे. म्हणजे आम्ही गप्पा मारीत जेवत असताना गरम भाकरी घेऊन मातोश्री इतकी वर्षे किती चालल्या असतील, हे कुणी मोजलेच नव्हते. वासाची तक्रार मात्र सर्वांना पाठ होती!

अखेर शेगडीमागची भिंत ठेवली आणि टेबलाच्या बाजूला रुंद सरकते दार काढले. वास अडावा म्हणून ते बसवले खरे. पण मातोश्री बोंबील तळतानाही ते लावून घेत नाहीत.