कारकुनाची शिडी : मराठवाड्यातील लिपिकवर्गीय पुरुष आणि त्यांच्या बढतीचा इतिहास

प्रस्तावना

मराठवाड्याच्या आधुनिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने मुक्तिसंग्राम, भाषावार प्रांतरचना, विकासाचा अनुशेष आणि सामाजिक चळवळी या अंगांनी झाले आहे. या सर्व घडामोडींची कागदोपत्री नोंद ज्या वर्गाने केली, तो लिपिकवर्ग मात्र इतिहासलेखनाच्या कक्षेबाहेर राहिला. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे निजामी राजवटीत सुभ्याचे आणि त्यानंतर महसुली विभागाचे मुख्यालय राहिलेले शहर आहे. विभागीय आयुक्तालय, जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, विद्यापीठ, उच्च न्यायालयाचे खंडपीठ आणि असंख्य महाविद्यालये यांमुळे येथील मध्यमवर्गाची जडणघडण बऱ्याच अंशी कार्यालयीन नोकरीतून झाली. ही नोकरी दीर्घकाळ पुरुषांची होती. शेतीवरील भार कमी करणारा, भावंडांचे शिक्षण करणारा आणि लग्नाच्या बाजारात पत असलेला मुलगा म्हणजे कारकून, हे समीकरण या भागात दोन पिढ्या टिकले.

या समीकरणाच्या मुळाशी पहिल्या पगारापेक्षा बढतीची आशा अधिक होती. आजचा कारकून उद्याचा अव्वल कारकून, पुढे नायब तहसीलदार आणि नशीब असेल तर तहसीलदार, अशी ती शिडी होती. ही शिडी कोणत्या ऐतिहासिक कारणांनी उभी राहिली, कोणी चढली आणि कशामुळे आखूड झाली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अहलकार ते कारकून

‘कारकून’ हा शब्द फारसी आहे. काम करणारा, एवढाच त्याचा मूळ अर्थ. हैदराबाद संस्थानात सर सालारजंग यांनी १८६० च्या दशकात जिल्हाबंदी करून महसुली कारभाराची नवी घडी बसविली. तीतून तालुका व जिल्हा पातळीवर वेतनावर काम करणारा लेखनिकांचा वर्ग तयार झाला. अहलकार, पेशकार, मुन्शी ही त्याची पदनामे होत. १८८० च्या दशकात दरबारी फारसीची जागा उर्दूने घेतली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दूला उच्च शिक्षणाचे माध्यम केले आणि औरंगाबादचे शासकीय महाविद्यालयही त्याच व्यवस्थेत वाढले.

याचा परिणाम असा झाला की, गावपातळीवरील दप्तर मराठीत व बहुधा मोडी लिपीत, तर तालुक्यापासून वरचे दप्तर उर्दूत, अशी दोन मजली रचना निर्माण झाली. खालच्या मजल्यावरील मराठी लेखनिकाला वर जायचे तर उर्दू आत्मसात करणे अपरिहार्य होते. संस्थानाबाहेरून आलेले आणि संस्थानातील, म्हणजेच गैरमुल्की आणि मुल्की, यांच्यातील वादही मूलतः नोकऱ्यांचाच होता. १९१९ च्या मुल्की नियमांची पार्श्वभूमी तीच आहे. तात्पर्य, बढतीचा प्रश्न मराठवाड्यात प्रथमपासूनच भाषा आणि भूमी यांच्याशी निगडित होता.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर ही रचना मोडली. उर्दू दप्तराची जागा इंग्रजीने आणि पुढे मराठीने घेतली. ज्यांचे सारे कौशल्य उर्दू मसुदालेखनात होते अशा अनुभवी लेखनिकांना उतारवयात नव्या भाषेला सामोरे जावे लागले. दुसरीकडे मराठी शाळांतून शिकलेल्या तरुणांना कार्यालयाचे दार उघडले. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत सुरू केलेल्या महाविद्यालयाने (पुढचे मिलिंद महाविद्यालय) या दारातून येणाऱ्यांचे सामाजिक स्वरूपच बदलले. ज्या घरांत लेखणीचा व्यवसाय कधीच नव्हता, त्या घरांतील पहिला कारकून हा त्या काळातील एक मोठा सामाजिक बदल होय. एकाच घटनेने एका गटाची शिडी काढून घेतली आणि दुसऱ्या गटापुढे ती ठेवली, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे.

विलीनीकरण आणि सेवाज्येष्ठता

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात सामील झाले. त्यापूर्वी २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात शासकीय नोकऱ्यांत मराठवाडा व विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे मान्य झाले होते. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) मध्येही राज्याच्या सेवेत या विभागांना पुरेशी संधी मिळावी, अशी तरतूद आहे. राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या कलम ११५ ने संस्थानी कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींना संरक्षण दिले होते.

परंतु संरक्षण नेमके कशाला होते? या प्रश्नाचे उत्तर रामचंद्र शंकर देवधर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने दिले. अर्जदार पूर्वीच्या हैदराबाद राज्यातून आलेले तहसीलदार होते. संस्थानी व्यवस्थेत उपजिल्हाधिकाऱ्यांची रिक्त पदे तहसीलदारांमधून बढतीने भरता येत असत. १९५९ च्या नियमांनी बढतीचा वाटा निम्म्यावर आणला आणि उरलेली पदे थेट नेमणुकीसाठी ठेवली. शिवाय बढती विभागवार देण्यात येऊ लागल्याने एका विभागातील ज्येष्ठ अधिकारी मागे आणि दुसऱ्या विभागातील कनिष्ठ पुढे, असे घडू लागले. न्यायालयाने विभागवार बढतीची पद्धत समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरविली. मात्र त्याच निकालात असेही स्पष्ट केले की, बढतीसाठी विचार होण्याचा हक्क ही सेवाशर्त आहे, बढतीची केवळ शक्यता ही सेवाशर्त नव्हे.

हा खटला तहसीलदारांचा असला तरी त्याचा अर्थ शिडीच्या तळाशी उभ्या असलेल्या कारकुनापर्यंत पोहोचतो. वरच्या पायरीवर थेट नेमणुकीचा वाटा वाढला की खालची संपूर्ण रांग थांबते. तहसीलदार पुढे सरकला नाही, तर नायब तहसीलदाराची जागा रिकामी होत नाही. ती झाली नाही, तर अव्वल कारकून त्याच टेबलावर निवृत्त होतो. कारकून ज्या शक्यतेवर आयुष्याची मांडणी करीत होता, तिला कायद्याचे संरक्षण नव्हते, हे या निकालाने लख्खपणे दिसून आले.

नवी कार्यालये, नव्या पायऱ्या

असे असूनही १९६० ते १९९० या तीन दशकांत मराठवाड्यातील अनेक कारकून वर चढले. त्याचे कारण नियमांपेक्षा कार्यालयांच्या विस्तारात सापडते. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि कनिष्ठ सहायक, वरिष्ठ सहायक यांची स्वतंत्र उतरंड निर्माण झाली. १९७२ साली परभणीस कृषी विद्यापीठ आले. १९८१ मध्ये जालना, १९८२ मध्ये लातूर आणि १९९९ मध्ये हिंगोली हे जिल्हे झाले. १९८१ साली औरंगाबादेत उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू झाले. प्रत्येक नव्या कार्यालयाला अनुभवी माणसे लागत आणि ती जुन्या कार्यालयांतून बढतीवर जात. जिल्ह्याचे विभाजन हा राजकीय निर्णय असला, तरी कारकुनाच्या घरी तो बढतीच्या आदेशाच्या रूपाने पोहोचत असे.

नोकरीचा प्रश्न या काळात सार्वजनिक आंदोलनाचाही विषय झाला. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात स्थानिक तरुणांना नोकऱ्या मिळाव्यात ही प्रमुख मागणी होती आणि वसमत येथील गोळीबारात विद्यार्थ्यांचे बळी गेले. १९७७-७८ मध्ये र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली राज्य कर्मचाऱ्यांनी ५४ दिवसांचा संप केला. केंद्रीय कर्मचाऱ्यांप्रमाणे महागाई भत्ता ही त्यातील मध्यवर्ती मागणी होती. विकास आंदोलन नोकरीत शिरण्यासाठी होते, संप नोकरीतील वेतनासाठी होता. शिडीवर वर जाण्याची वाट हा मात्र क्वचितच सामूहिक लढ्याचा विषय झाला. तो ज्येष्ठता यादी, हरकती आणि १९९१ नंतर प्रशासकीय न्यायाधिकरण यांच्या एकाकी वाटेनेच चालत राहिला.

टंकयंत्र आणि पुरुष

युरोप-अमेरिकेत टंकयंत्राच्या आगमनानंतर विसाव्या शतकाच्या प्रारंभीच कार्यालयीन लेखनाचे काम मोठ्या प्रमाणावर स्त्रियांकडे गेले. तेथे टंकलेखिकेच्या पदाला वरची पायरी जोडलेली नव्हती. पुरुष व्यवस्थापनाकडे सरकले आणि टंकलेखन मागे राहिले. मराठवाड्यात असे घडले नाही. १९५५ साली गोदरेजने भारतीय बनावटीचे टंकयंत्र बाजारात आणले आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर मराठी टंकलेखनाची गरज वाढली. तालुक्याच्या गावांतून टंकलेखन संस्था निघाल्या. मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट ही प्रमाणपत्रे मिळविण्यासाठी तेथे सकाळ-संध्याकाळ बसणाऱ्यांत मुलांचीच संख्या मोठी असे.

याचे स्पष्टीकरण येथील पदरचनेत आहे. ‘लिपिक-टंकलेखक’ हे एकच पद असल्याने टंकलेखन शिडीपासून तुटले नाही. ते कायम, निवृत्तिवेतनाचे आणि राजपत्रित पदापर्यंत नेऊ शकणारे होते. जेथे कारकुनी वरच्या पदाकडे नेत होती, तेथे पुरुषांनी ती सोडली नाही, असे म्हणता येईल.

स्त्रियांचा प्रवेश प्रथम अनुकंपा नेमणुकीतून, दिवंगत कर्मचाऱ्याची पत्नी म्हणून, आणि १९९४ च्या महिला धोरणानंतर ३० टक्के आरक्षणातून झाला. पुरुष लिपिकांच्या संधी यामुळे घटल्या, असा सूर कार्यालयांतून ऐकू येतो. कालक्रम तपासता तो टिकत नाही. थेट नेमणुकीचा निम्मा वाटा १९५९ चा आहे. कार्यालयांच्या विस्ताराचा वेग १९९० नंतर ओसरला तो आर्थिक धोरणातील बदलामुळे. स्त्रिया कार्यालयात आल्या तेव्हा शिडी आधीच आखूड झाली होती.

पद थांबले, वेतन पुढे गेले

शासनालाही या कोंडीची जाणीव होती. ८ जून १९९५ च्या निर्णयाने कालबद्ध पदोन्नती योजना लागू झाली. बारा वर्षे एकाच पदावर काढलेल्या कर्मचाऱ्यास वरच्या पदाची वेतनश्रेणी मिळू लागली. पुढे तिचे रूपांतर सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजनेत झाले आणि २०१९ च्या निर्णयानुसार १०, २० व ३० वर्षांनंतर असे तीन लाभ देय झाले. आर्थिकदृष्ट्या ही योजना न्याय्य आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने तिने एक मूलभूत बदल घडविला : प्रगतीची पदापासून फारकत झाली. वेतन अधिकाऱ्याच्या जवळ जाणारे, काम मात्र आवक-जावक नोंदवहीचेच, अशी स्थिती निर्माण झाली.

पदनामांतही बदल झाले. मंत्रालयातील ‘सहायक’ सहायक कक्ष अधिकारी झाला, महसूल खात्यातील लिपिकास ‘महसूल सहायक’ हे नाव मिळाले. नावातून ‘कारकून’ गेला, याला सामाजिक प्रतिष्ठेच्या दृष्टीने महत्त्व आहे. पायऱ्यांची संख्या मात्र त्याने वाढली नाही.

१ नोव्हेंबर २००५ नंतर नेमणूक झालेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना नाकारण्यात आली. येथे लिपिकवर्गात एकाच टेबलाच्या दोन बाजूंना दोन भविष्ये बसली. मार्च २०२३ च्या संपात जुन्या योजनेची मागणी इतक्या तीव्रतेने का आली, याचे उत्तरही या इतिहासातच आहे. बढतीची शक्यता क्षीण झाल्यावर निवृत्तिवेतन हेच या नोकरीचे शेवटचे आश्वासन उरले होते.

महाविद्यालयांपुढील प्रश्न

आज प्रवेशाची पायरीही अरुंद आहे. लिपिक-टंकलेखक पदाची भरती महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या गट-क परीक्षेतून होऊ लागली असून २०२३ च्या जाहिरातीत या पदाच्या सात हजारांहून अधिक जागा होत्या. याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाह्य यंत्रणांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय निघाला आणि तीव्र विरोधानंतर ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. कंत्राटी पदाला ज्येष्ठता यादी नसते, विभागीय परीक्षा नसते आणि म्हणून वरची पायरीही नसते. युरोपातील टंकलेखिकेची शंभर वर्षांपूर्वीची स्थिती आता येथील पदवीधर पुरुषाच्या वाट्याला येऊ पाहत आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

हा प्रश्न आपल्या महाविद्यालयांपासून दूर नाही. शहरातील अभ्यासिकांत वर्षानुवर्षे बसणारे तरुण आपलेच माजी विद्यार्थी आहेत. वडिलांच्या पिढीने कारकुनीतून घर उभे केले, या अनुभवावर त्यांचा विश्वास आधारलेला आहे. तो अनुभव खोटा नव्हता. परंतु तो विस्तारणाऱ्या प्रशासनाच्या काळाचा होता. तसेच आपल्या महाविद्यालयीन कार्यालयातील कनिष्ठ लिपिकासही मंजूर पदांच्या मर्यादेत वरिष्ठ लिपिक, मुख्य लिपिक, अधीक्षक अशा मोजक्याच जागांची वाट पाहावी लागते. अध्यापकांच्या बढतीचे निकष आपण तपशिलाने चर्चितो. शेजारच्या खोलीतील या रांगेकडे तितक्याच आस्थेने पाहण्याची गरज आहे.

समारोप

मराठवाड्यातील लिपिकवर्गीय पुरुषाचे भवितव्य तीन गोष्टींनी ठरत आले : कार्यालयाची भाषा, ज्येष्ठतेचे क्षेत्र आणि पदांची संख्या. १९४८ ने पहिली बदलली, १९५६ ने दुसरी, तर १९९० नंतरच्या काळाने तिसरी. वैयक्तिक गुणवत्ता आणि परिश्रम यांना या चौकटीत स्थान होते, पण चौकट त्यांनी ठरविलेली नव्हती. विभागाचा अनुशेष मोजताना आपण आजवर सिंचन, रस्ते आणि उद्योग मोजले. नागपूर कराराने नोकरीतील वाट्याचे आश्वासन दिले होते. त्या वाट्याचे मोजमाप केवळ भरती झालेल्या डोक्यांवरून न करता, भरती झालेला माणूस निवृत्तीपर्यंत कोणत्या पायरीवर पोहोचला, यावरूनही व्हावयास हवे. जिल्हा कार्यालयांतील जुन्या ज्येष्ठता याद्या आणि सेवापुस्तके ही त्यासाठीची अस्सल साधने आहेत. अभिलेखांच्या नियतकालिक नाशनात ती जाण्यापूर्वी इतिहास विभागांनी त्यांच्याकडे वळावे.