समासातला प्रश्न

आजोबांच्या ‘गीतारहस्या’ची प्रत माझ्या वाट्याला आली तेव्हा तिची शिवण उसवली होती. बाकी सगळा ग्रंथ कोरा; फक्त चौथ्या आणि पाचव्या प्रकरणाच्या समासांत कॉपिंग पेन्सिलीच्या जांभळ्या खुणा. आजोबा तलाठी. गीतेपेक्षा सातबाराच त्यांनी जास्त वाचला असणार. पण ‘आधिभौतिक सुखवाद’ आणि ‘सुखदुःखविवेक’ ही दोन प्रकरणं त्यांनी खणून काढली होती, आणि पाचव्याच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं : ‘यावर गोपाळराव काय म्हणाले असते?’

गोपाळराव म्हणजे आगरकर. आम्ही कऱ्हाडकडचे आणि ते टेंभूचे, त्यामुळे आमच्या घरात त्यांचं नाव शेजाऱ्यासारखं निघायचं. आगरकर वारले 1895 मध्ये, ‘गीतारहस्य’ छापून आलं 1915 मध्ये. म्हणजे उत्तर मिळायची सोय नव्हतीच. तरी मराठी शिकवण्यातून निवृत्त झाल्यावर मी तो प्रश्न हाती घेतला.

माणसाने जगायचं ते सुखासाठी का, हा पुण्यातला जुना वाद. त्याचे दोन्ही पक्षकार एकाच कॉलेजातले. 1879 च्या सुमारास डेक्कन कॉलेजात टिळक कायद्याचा अभ्यास करत होते, आगरकर एम.ए.चा. आगरकरांकडे सदरा एकच. रात्री धुवायचा, सकाळी तोच चढवायचा. मुलगा शिकतोय, आता मोठा पगार आणील, अशी आईची आशा. त्याने पत्र लिहून तिला सांगून टाकलं की पोटापुरतं मिळवीन, उरलेला वेळ लोकांचा. मग 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, पुढच्या वर्षी ‘केसरी’, कोल्हापूरच्या बदनामी खटल्यात 1882 मध्ये दोघांना डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस. आणि मग फाटलं. 1887 मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, 1888 मध्ये ‘सुधारक’ काढला.

भांडणाला पैशाच्या आणि स्वभावाच्याही कडा होत्या, त्या चघळण्यात मला रस नाही. मुळाशी होती ती कसोटी. मिल आणि स्पेन्सर पचवलेल्या आगरकरांचं म्हणणं असं, की रूढी बरी की वाईट हे पोथीला विचारू नका. तिच्यामुळे माणसाचं सुख वाढतं की घटतं ते बघा. ही कसोटी त्यांनी थेट माजघरात नेली. विधवेचं केशवपन, बालविवाह, एवढंच काय, बायकांनी जाकीट घालावं की नाही यावरही त्यांनी लिहिलं. सनातन्यांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली.

टिळकांचं उत्तर आलं मंडालेहून. 1908 मध्ये सहा वर्षांची शिक्षा, अंगात मधुमेह, आणि 1910-11 च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीने उतरवलेला हा ग्रंथ. चौथ्या प्रकरणात एक उदाहरण आहे, तिथे आजोबांची सगळ्यात ठळक खूण. अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात ट्रामवे काढायची होती. सगळ्यांच्याच सोयीची. सरकारी परवानगीला उशीर होतोय म्हणून चालकाने अधिकाऱ्यांना लाच दिली, ट्राम लवकर झाली, पुढे प्रकरण बाहेर आलं आणि त्याला शिक्षा झाली. टिळक विचारतात ते असं : पुष्कळांचं सुख हीच कसोटी असेल, तर याला दोषी कसं ठरवणार? परिणाम तर सगळ्यांच्या फायद्याचाच. म्हणजे बघायची ती करणाऱ्याची बुद्धी. तलाठ्याच्या पेन्सिलीला ते उदाहरण का झोंबलं असेल हे मी समजू शकतो!

युक्तिवाद बिनतोड आहे. इच्छा पुरवत गेल्याने ती शमत नाही, हे पाचव्या प्रकरणातलं म्हणणंही खोटं म्हणता येत नाही. पण मला एक गोष्ट खटकते. सुख हे अंतिम साध्य नव्हे, हे मंडालेच्या कोठडीतल्या माणसाने स्वतःविषयी म्हटलं तर आपण हात जोडतो. तेच वाक्य घरातल्या वडीलधाऱ्याने डोकं भादरलेल्या पोरीला ऐकवलं की त्याचा अर्थ पालटतो. 1891 मध्ये संमतिवयाची मर्यादा 10 वरून 12 वर नेणारा कायदा आला. आगरकर त्याच्या बाजूने. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये म्हणून टिळक विरोधात. टिळकांना मुलींची कणव नव्हती असं नाही, सुधारणा समाजाने स्वतः करावी असं त्यांचं मत होतं. पण समाजाची वाट बघण्याचा भार पडत होता तो दहा-अकरा वर्षांच्या मुलीवर, आणि तिला कोणी विचारलेलं नव्हतं.

म्हणून माझं मत आगरकरांच्या पारड्यात. सुख हेच आयुष्याचं सार आहे हे त्यांनी सिद्ध केलं, असं मी म्हणत नाही. पण दुसऱ्याच्या सुखाला क्षुल्लक म्हणायचा अधिकार त्यांनी सगळ्यांकडून काढून घेतला. स्वतःच्या सुखाची मात्र त्यांनी मोजदादच ठेवली नाही. फर्ग्युसनचे प्राचार्य असतानाच, 17 जून 1895 रोजी ते गेले. दमा जडलेला, वय एकोणचाळीसही पुरं नाही. उशाशी पैशांची एक पुडी निघाली. आपल्या दहनाच्या खर्चासाठी बायकोला कोणापुढे हात पसरावा लागू नये, म्हणून ती त्यांनी आधीच बांधून ठेवली होती.