आंदण दिलेले बंदर

लेकीच्या लग्नात काय काय दिले, ही चर्चा आपल्या बायकांच्या बैठकीत कधी संपत नाही. भांडी, कपाट, चार तोळे सोने, क्वचित एखादी दुभती गाय! पण लेकीबरोबर किल्ला आणि बंदर आंदण दिल्याचे दोन दाखले इतिहासात आहेत. एक आपल्या सोलापूरचा, दुसरा मुंबईचा. त्यांचा धागा थेट जेऊरच्या स्टेशनापर्यंत येतो, म्हणून आपल्या स्मरणिकेसाठी ते सांगावेसे वाटले.

वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून १४९८ साली कालिकतला आला, तो मिरी-मसाल्याच्या व्यापारासाठी. बारा वर्षांनी पोर्तुगीजांनी आदिलशाहीकडून गोवे घेतले. हुमायूनच्या भीतीने गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटे त्यांना लिहून दिली. तोवर अरब, गुजराती, कोकणी जहाजे समुद्रावर मोकळी फिरत. आता ‘करताज’ नावाचा परवाना आला. तो नसला, की जहाज आणि माल दोन्ही जप्त!

इकडे दख्खनमध्ये सोलापूरच्या किल्ल्यावरून अहमदनगर आणि विजापूर यांचे जुने भांडण होते. हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबिबी अली आदिलशहास दिली आणि सोलापूरचा किल्ला आंदण दिला. सोयरीक झाल्यावर १५६५ साली दोघे विजयनगरवर एकत्र चालून गेले. पुढे १५७० साली दोन्ही राज्यांनी पोर्तुगीजांना उखडण्याचे ठरवले. आदिलशहाने गोव्याला वेढा घातला, हुसेनच्या मुलाने चौलला. फौजा मोठ्या होत्या, पण वेढ्यातल्यांना धान्य, दारूगोळा समुद्रातून मिळतच राहिला. पुढचे दार अडवले, परसदार उघडे राहिले! १५७१ साली दोघेही हात हलवत परतले. समुद्राचे हे मर्म पुढे शिवाजी महाराजांनी ओळखले आणि स्वतःचे आरमार बांधले.

आता दुसरे लग्न. स्पेनविरुद्ध मदत हवी, म्हणून पोर्तुगालने आपली राजकन्या कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली. १६६१ च्या करारात मुंबई आंदण गेली. इथले पोर्तुगीज अधिकारी नाखूष होते, त्यामुळे प्रत्यक्ष ताबा मिळायला १६६५ साल उजाडले. राजाने १६६८ साली ती वर्षाला दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. कॅथरीनने आपले आंदण कधी डोळ्यांनी पाहिले नाही, आणि मुंबईच्या कोळ्या-भंडाऱ्यांना तर कोणी विचारलेही नाही. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, तेव्हा मुंबई पोर्तुगीजांकडे असती तर? पण ती केव्हाच इंग्रजांची झाली होती.

त्याच मुंबईहून आगगाडी निघाली आणि १८६० साली आपल्या गावावरून सोलापूरला पोहोचली. आज आपण तिने दवाखान्याला, बाजाराला, लेकीच्या गावाला जातो. पण तो मार्ग आपल्या सोयीसाठी आखलेला नव्हता. इथला कापूस बंदरावर न्यायचा आणि विलायती कापड गावोगाव पोहोचवायचे, हा त्यामागचा मोठा हेतू होता. त्या स्वस्त कापडाने आपल्याकडच्या किती मागांचा आवाज थांबवला!

भगिनींनो, जे आंदण दिले जाते त्याला कोणी विचारत नाही, मग ते बंदर असो की नवरी. पण नवरी गप्पच राहील असेही नाही. किल्ल्यासोबत दिलेली तीच चांदबिबी १५९५ साली माहेरी अहमदनगरच्या तटावर उभी राहिली आणि तिने अकबराच्या फौजेशी झुंज दिली.

मुंबई आंदण गेली, त्याला १९६१ साली बरोबर तीनशे वर्षे झाली. त्याच वर्षी आपल्या देशात हुंडाबंदीचा कायदा झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात गोवा मुक्त झाला. गोव्यातून पोर्तुगीज गेले ते कायमचे. हुंडा मात्र अजून गेलेला नाही. ते काम आपल्या घरांतून व्हायचे आहे.