पंगतीतला पाहुणा

इसवी सन ४९च्या सुमारास जेरुसलेममध्ये एक बैठक भरली. येशूला मशीहा मानणारे तेव्हा मूठभर होते आणि त्यांचे पुढारी सारे यहुदी होते. आपण नवा धर्म काढतो आहोत, असे त्यांच्या मनातही नव्हते. पण सीरियातल्या अंत्युखिया शहरात बिगरयहुदी माणसेही येशूला मानू लागली होती. या माणसांनी आधी सुंता करून यहुदी व्हावे काय, असा प्रश्न बैठकीपुढे होता.

सुंता म्हणजे देवाने अब्राहामाशी केलेल्या कराराची अंगावरची खूण. इसवी सनापूर्वी १६७च्या सुमारास ग्रीक राजा चौथा अँटिओकस याने तिच्यावर बंदी घातली, तेव्हा यहुद्यांनी प्राण दिले. पण खूण सोडली नाही. आम्हा मुसलमानांतही ती इब्राहिमची रीत म्हणूनच चालते. त्यामुळे तिचा आग्रह धरणाऱ्यांची तळमळ मला समजते.

पौल हाही यहुदीच. त्याचा युक्तिवाद मोठा नेमका होता: देवाने अब्राहामाची श्रद्धा मान्य केली, तेव्हा त्याची सुंता कुठे झाली होती? बैठकीत येशूचा भाऊ याकोब याने निवाडा दिला. सुंतेची सक्ती नको; मूर्तीला वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचे मांस आणि व्यभिचार एवढे वर्ज्य करा.

निवाडा देणे सोपे, पंगत अवघड. अंत्युखियात पेत्र बिगरयहुद्यांबरोबर जेवत असे. याकोबाकडची माणसे आली, तसा तो वेगळा बसू लागला. हा पंगतभेद पाहून पौलाने त्याला चारचौघांत सुनावले.

पण पौलाने दुसऱ्या बाजूलाही बजावले होते. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात तो बिगरयहुद्यांना म्हणतो, तुम्ही रानटी ऑलिव्हची कलम केलेली फांदी आहात. मुळापुढे तोरा मिरवू नका.

हा इशारा पुढे विसरला गेला. बिगरयहुदी बहुसंख्य झाले. चौथ्या शतकात लावदिकीया येथील धर्मसभेने शब्बाथ पाळून विसावा घेणाऱ्या ख्रिस्ती माणसाला यहुदी वळणाचा म्हणून शापित ठरवले. येशू स्वतः ज्या रीतीत वाढला, तीच आता गुन्हा ठरली. ज्यांच्यासाठी दार उघडले होते, त्यांच्याच वारसांनी ते मूळ घरच्यांवर लावून घेतले. दार उघडणाऱ्यांचे नाव इतिहासात राहते. पण आत आल्यावर आपण कसे वागलो, याचीही नोंद तो ठेवतोच.